पायथ्याचा दोर

मी एक जुनी खाट आहे. मला चार पाय आहेत, चार दांडे आहेत, आणि त्यातल्या एका दांड्याची कड घासून गोल करायची राहून गेली होती. मित्रांनो, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात त्या कडेचाही वाटा होता. लपवाछपवी मला कधी जमली नाही. माझ्यावर कोणी कूस बदलली तरी साऱ्या घराला ऐकू जातं.

माझा जन्म गडचिरोलीहून एसटीने दीड तासावर असलेल्या एका गावात झाला. गावाच्या तीन बाजूंना जंगल आणि एका बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. माझ्या धन्याची, मुखरूबाबाची, बैलबंडी नाल्यात उलटून मोडली, तेव्हा तिचं लाकूड चुलीत घालायला त्याचा जीव होईना. त्याने त्यातून माझे पाय तासले, दांडे काढले. तीन दांड्यांच्या कडा त्याने हात फिरवून फिरवून गुळगुळीत केल्या. चौथा हातात घेतला आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारली की बैल बांधीत शिरले. तो उठून गेला. उरलेलं उद्या करतो म्हणाला आणि तो उद्या पुढे चाळीस वर्षं उजाडला नाही. मी कुरकुर केली नाही. तेव्हा ती कड कोणाला टोचत नव्हती.

मला विणलं ते अंबाडीच्या दोराने. तुम्ही खाट नीट पाहिली असेल तर तुमच्या लक्षात आलं असेल की वीण पायथ्यापर्यंत जात नाही. हातभर जागा मोकळी सोडतात आणि तिच्यात एक दोर नागमोडी फिरवतात. माझा सगळा जीव त्या दोरात आहे. तो ओढला की वीण ताठ होते, सैल सोडला की मधोमध झोळ पडतो. मुखरूबाबा दर बाजाराच्या दिवशी सकाळी मला उन्हात काढायचा, दांड्यावर पाय रोवायचा आणि दोर ओढायचा. हे काम एकट्याने होत नाही. एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने ओढलेला दोर हातात घट्ट धरून ठेवायचा, नाहीतर तो सरकन मागे जातो. धरायला त्याचा मुलगा खुशाल असायचा. दोर ओढून झाला की मुखरूबाबा माझ्यावर थाप मारायचा आणि मी ढोलकीसारखी वाजायचे. ते दिवस माझ्या तोऱ्याचे होते.

मी नुसती झोपायच्या कामाची नव्हते, हेही सांगते. आमच्या गावाला पावसाळ्यात रस्ता नसे. कोणी आजारी पडलं की मला दोन बांबू बांधायचे आणि चार जणांच्या खांद्यांवरून मी नाला ओलांडायचे. तापाने फणफणलेली पोरं मी नेली, साप चावलेला माणूस नेला. खुशालच्या लग्नानंतर त्याची बायको सीता अडली, तेव्हा भर श्रावणात कमरेइतक्या पाण्यातून तिलाही मीच नेलं. तीन दिवसांनी ती परत आली ती माझ्यावरच, कुशीत एक एवढीशी मुलगी घेऊन. दिव्यानी तिचं नाव. माझ्याखाली शेगडी ठेवून मायलेकींना शेक दिला तेव्हा माझा पायथ्याचा दोर थोडा जळलाही होता. मला त्याचं काही वाटलं नाही. दवाखान्यापर्यंत माणसं पोहोचवणारी खाट म्हणून पंचक्रोशीत माझं नाव होतं. म्हणूनच नंतर जे माझ्या हातून झालं ते मला इतकं लागलं.

मुखरूबाबा गेला. नाल्यावर पूल झाला. आजारी माणसं वाहून नेण्याचं माझं काम संपलं. घरात लोखंडी पलंग आला आणि मला घरामागच्या सांदवाडीत, वालाच्या मांडवाखाली नेऊन टाकलं. बाजाराचे दिवस येत राहिले, पण माझा दोर ओढायचं कोणाला सुचेना. माझ्यात झोळ पडला. त्यात पालापाचोळा साचायचा आणि कोंबडी येऊन बसायची. मी समजून चुकले की आपली सद्दी संपली.

आणि मग एक दिवस गावातल्या मुलांना शोध लागला की साऱ्या वस्तीत फोनला नेटवर्क येतं ते याच कोपऱ्यात, नेमकं मी पडले होते तिथे. दोन हात अलीकडे सरकलं की गोल गोल फिरणारं चाक, दोन हात पलीकडे सरकलं की तेच. माझ्यावर मात्र सगळं लख्ख दिसायचं. झालं, माझे दिवस पालटले. संध्याकाळी सात-आठ पोरं माझ्यावर दाटीवाटीने बसू लागली. सगळ्यांच्या माना खाली, पाठी वाकलेल्या, आणि माझा झोळ दिवसेंदिवस खोल. मला वाईट वाटत नव्हतं, उलट मी खूश होते. म्हातारपणी माणसांची गर्दी कोणाला नको असते?

त्या गर्दीत शेवटपर्यंत थांबायची ती दिव्यानी. आता ती तेरा वर्षांची झाली होती, शेलाटी, हट्टी आणि कमी बोलणारी. फोन तिच्या बाबांचा होता. खुशाल शेतावरून आला की तो तिच्या हातात यायचा, आणि दिवाळीच्या सुट्टीत तर तो दिवसभर तिच्याकडेच असायचा. पण तिच्याबद्दल घाईने मत बनवू नका. ती त्यावर खेळ खेळत नव्हती. शाळेत राजदीप सरांनी धनुर्विद्या सुरू केली होती. बांबूचं धनुष्य शाळेत एकच आणि शिकणाऱ्या मुली चौदा. दिव्यानीच्या वाट्याला आठवड्यातून एकदा नऊ बाण यायचे. त्या नवातले सहा-सात मधोमध लागायचे, तेव्हा सरांनी तिला सांगितलं की जानेवारीत गडचिरोलीला निवड आहे. आठ मुली घेणार. राहायचं, शिकायचं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ धनुष्य हातात. त्या दिवसापासून तिला दुसरं काही दिसेना. नऊ बाणांनी तिची भूक भागत नव्हती, म्हणून उरलेले सहा दिवस ती फोनवर दुसऱ्यांचे बाण पाहायची. उभं कसं राहायचं, प्रत्यंचा हनुवटीपर्यंत कशी आणायची, बोटं कशी सोडायची. एकच व्हिडिओ वीस वीस वेळा.

उभं कसं राहायचं हे ती पाहायची माझ्या झोळात आडवी पडून.

आधी ती पाठीवर पडायची. झोळामुळे कंबर खाली जायची, डोकं वर राहायचं आणि हनुवटी छातीला टेकायची. तासाभराने मान दुखली की उजव्या कुशीवर वळायची. उजवं कोपर दांड्यावर टेकवायचं, हात पूर्ण दुमडायचा, फोन मुठीत आणि तोंडासमोर. दांडा तोच, न घासलेल्या कडेचा. कोपराच्या आतल्या बाजूला जे हाड लागतं ना, बरोबर त्याच्या शेजारी माझी कड रुतायची. दोन तास, तीन तास. मला तिच्या हाताचं वजन कळायचं. ती मधेच हात झटकायची, बोटं उघडझाप करायची आणि पुन्हा कोपर तिथेच टेकवायची. मी करकरायचे. एवढंच मला करता येतं. ती एका हाताने माझ्यावर चापट मारायची, गप्प बस म्हणून.

डिसेंबर लागला आणि तिचे बाण भरकटू लागले. हे मला ती आणि तिची मैत्रीण पुनम बोलत होत्या त्यावरून कळलं. नवातले दोन लागले, पुढच्या आठवड्यात एकही नाही. सरांनी विचारलं की बोटं उशिरा का सुटतात. दिव्यानी म्हणाली, चुकतंय कुठेतरी, व्हिडिओ पाहून नीट करते. आणि त्या संध्याकाळी ती माझ्यावर आणखी जास्त वेळ पडून राहिली. मित्रांनो, माझी तगमग काय सांगू! बाण चुकतो म्हणून ती फोन पाहत होती आणि फोन पाहायला माझ्यावर पडत होती म्हणून बाण चुकत होता. हे गावात एकट्या मला माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं.

तिलाही काहीतरी कळलं होतं. कारण पुनम गेल्यावर ती करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दाताखाली धरून, दुखतात का ते पाहायची. पण घरी ती बोलली नाही. बोललं की फोन जाणार आणि कदाचित निवडही जाणार, ही भीती तिच्या मनात होती. जेवताना भाजीचा वाडगा हातातून निसटला तर हात ओला होता म्हणायची. मान वळवायची झाली की सारं अंग वळवायची. सीता विचारायची, तर थंडीने आखडली म्हणायची.

निवडीला एकोणीस दिवस उरले होते. धानाची मळणी आटोपून खुशालला उसंत मिळाली होती. तो सांदवाडीत आला, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला एकदम बापाची आठवण झाली असावी. मला ओढून उन्हात काढलं, पालापाचोळा झटकला आणि दिव्यानीला हाक मारली. मी ओढतो, तू धर, म्हणाला. किती वर्षांनी कोणी माझ्या दोराला हात लावत होतं! पण आनंद व्हायच्या आधीच मी धास्तावले, कारण धरायला कोणता हात येणार हे मला माहीत होतं.

खुशालने दांड्यावर पाय रोवला आणि ओढला. दिव्यानीने दोर उजव्या हाताला गुंडाळून धरला. पहिला फेरा कसाबसा टिकला. दुसऱ्या फेऱ्याला दोर सरकन मागे गेला. खुशाल चिडला, लक्ष कुठे आहे म्हणाला. तिने पुन्हा धरला, पुन्हा सरकला. तिसऱ्या वेळी ती ओठ चावून धरत होती आणि दोर तिच्या मुठीतून निघत होता, जुना खरबरीत दोर, करंगळीखालची कातडी सोलत. माझ्या पांढऱ्या पडलेल्या अंबाडीवर लाल ठिपके उमटले. ती माझ्याकडेच पाहत होती, तरी तिला ते दिसले नव्हते. आधी दिसले खुशालला.

"रगत निंगून राह्यलं तुया हाताचं," तो म्हणाला. "दुखत नाई का तुले?"

दिव्यानीने हात वर करून पाहिला. तेव्हा कुठे ती घाबरली.

"बाबा, हे दोन बोटं मले समजतच नाई," ती म्हणाली आणि माझ्यावर बसली.

घरात एकच गडबड उडाली. सीताने हळद भरली. कधीपासून, कसं, काय लागलं, पडलीस का, अशी सरबत्ती झाली. दिव्यानीने मान दुखते आणि दुखणं हातात उतरतं, एवढंच सांगितलं. किती तास, कुठे आणि कसं पडून, हे ती गिळून बसली. मग शेजारच्या बायका जमल्या आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की पोरीच्या मानेत उसण भरली आहे. उसणीवर आमच्याकडे इलाज ठरलेला आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याला पायाळू म्हणतात. अशा माणसाने दुखऱ्या जागी तीनदा पाय लावला की उसण निघते, असं गाव मानतं. आमच्या गावच्या पायाळू म्हणजे सुगंधाबाई. सत्तरीच्या, हाडापेराने मजबूत, धान कापणाऱ्या साऱ्या बायका कंबर धरून त्यांच्याकडेच जायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाबाई आल्या. दिव्यानीला माझ्यावर पालथं निजवलं. सुगंधाबाईंनी पाय धुतला, काठी सीताच्या हातात दिली आणि खुशालच्या खांद्याचा आधार घेतला. सगळे चिडीचूप झाले, कारण पाय लावताना बोलायचं नसतं. कमरेवर त्या पाय लावतात तो मी पाहिला आहे. चांगला दणका असतो. तोच पाय आज त्या मानेवर पडणार होता, जी दोन महिने माझ्या झोळात दुमडून पडली होती. माझा प्रत्येक दोर ताठ झाला. मुखरूबाबाने मला कितीही ओढलं असेल, पण इतकी ताठ मी कधी झाले नव्हते.

पाय वर उचलला गेला. भीतीने दिव्यानीने हात दुमडून माझा दांडा पकडला आणि तिचं कोपर त्या कडेवर आदळलं. ती किंचाळली.

सुगंधाबाईंचा पाय हवेतच थांबला. त्यांनी तो हळूच खाली जमिनीवर टेकवला.

"पाय तं लागलाच नाई," त्या म्हणाल्या. "मंग वरडली काऊन?"

दिव्यानी कोपर धरून रडत होती. विजेचा झटका बसावा तशी कळ कोपरापासून करंगळीपर्यंत गेली होती. सुगंधाबाई माझ्या उशाशी बसल्या. त्यांनी त्या कोपराला बोट लावून पाहिलं, तिथली कातडी काळवंडून जाड झालेली पाहिली, मग माझी कड चाचपून पाहिली. पोरं माझ्यावर फोन पाहत बसतात हे साऱ्या गावाला ठाऊक होतं; त्यांनी खुशालच्या खिशातला फोन मागून घेतला, दिव्यानीच्या हातात दिला आणि तिला म्हणाल्या की तू रोज जशी पडतेस तशी पड. दिव्यानी आईकडे पाहू लागली. सुगंधाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा तेच सांगितलं. मग ती वळली, झोळात रुतली, मान दुमडली, कोपर कडेवर ठेवलं आणि फोन तोंडासमोर धरला. दोन महिने जे मी एकटी पाहत होते ते आता सगळ्यांनी पाहिलं. सीताने पदर तोंडाला लावला.

"हे उसण नोहे, खुशालभाऊ," सुगंधाबाई म्हणाल्या. "माया पायाचं काम नाई हे. पोरीले गडचिरोलीले ने, आजच ने."

लोक गोळा झालेले असताना, आयुष्यभराचा मान पणाला लावून, हे माझं काम नव्हे असं म्हणायला छाती लागते. मी खूप माणसं पाहिली आहेत. ते मला त्या सकाळी पाहायला मिळालं.

खुशाल आणि सीता तिला दुपारच्या एसटीने घेऊन गेले. मी सांदवाडीत पडून होते, अर्धवट ओढलेला दोर लोंबत होता. पूर्वी अशा वेळी मी सोबत जायचे. पेशंट माझ्यावर असायचा आणि मला वाटायचं की मी त्याला वाचवते आहे. त्या दिवशी पेशंट माझ्यामुळे गेला होता. कड माझी होती, झोळ माझा होता. तास तिचे होते हे खरं, पण मला ते म्हणवेना.

ते परत आले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. सीता शेजारणींना सांगत होती ते मी ऐकलं. कोपराच्या आतून एक नस करंगळीकडे जाते. हात दुमडून ठेवला की ती ताणली जाते, आणि वरून काही टोचत राहिलं की दबते. रोज तास न् तास दबली तर आधी मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात, मग मुठीतली ताकद जाते. मानेचं दुखणं वेगळं, ते डोकं सतत पुढे झुकवून ठेवल्याने. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की वेळेत आणली म्हणून बरं. आणखी काही महिने असंच चाललं असतं तर ताकद पूर्ण परत येईल असं त्यांना सांगता आलं नसतं. फोन बंद करा असं त्या म्हणाल्या नाहीत. तो डोळ्यांसमोर ठेवून पाहा, पाठ टेकवून बसा, कोपर कुठे टेकवू नका, अर्ध्या तासाने उठून हातपाय हलवा, असं म्हणाल्या. झोपताना हात दुमडू नये म्हणून कोपराला टॉवेल गुंडाळायचा. आणि पंधरा दिवस धनुष्याला हात लावायचा नाही.

निवडीला अठरा दिवस होते. पंधरा गेले की उरतात तीन. दिव्यानीने ते मनातच मोजलं असावं, कारण तिने एकदम मान खाली घातली. खुशाल तिच्यावर ओरडला नाही. तो घरातून रंधा घेऊन आला, माझ्या त्या दांड्यापाशी उकिडवा बसला आणि कड घासू लागला. चाळीस वर्षं थांबलेलं काम अंधार पडायच्या आत संपलं. वरून हात फिरवून पाहिला आणि तो स्वतःशीच म्हणाला की बाबाने हे कधीच करायला पाहिजे होतं. मला रडता येत नाही, नाहीतर रडले असते.

ते पंधरा दिवस मोठे कठीण गेले. पुनम येऊन सांगायची, आज अमकीचे पाच लागले, तमकीचे सहा. दिव्यानी ऐकून घ्यायची आणि रोज तीच दोन बोटं टोचून पाहायची. सहाव्या दिवशी दुपारी घरी कोणी नव्हतं. ती सांदवाडीत आली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पुनमकडून मागून आणलेलं खेळण्यातलं बांबूचं छोटं धनुष्य. धनुष्य तिने मांडवाला टेकवलं आणि माझ्यावर बसली. बसली, मग रेलली, मग हळूहळू कुशीवर वळू लागली. मी जिवाच्या आकांताने करकरले. कड आता गोल होती, तरी काय झालं? दुमडलेला हात दुमडलेलाच असतो. तिचं कोपर दांड्याला लागलं. मी वाट पाहत राहिले.

ती थांबली. माझ्या करकरीमुळे नाही, मित्रांनो, तेवढा मोठेपणा मी घेणार नाही. तिच्या करंगळीला मुंग्या आल्या होत्या. आणि मुंग्या आल्या म्हणजे करंगळी जागी होती. इतके दिवस तिथे काहीच नव्हतं. ती उठून बसली आणि त्या बोटाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने फोन उचलून मांडवाच्या खांबाच्या दुबेळक्यात, डोळ्यांच्या उंचीवर अडकवला आणि त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. व्हिडिओतली मुलगी जशी उभी होती तशी. धनुष्याला हात न लावता, रिकाम्या हातांनी, तिने उभं राहणं तेवढं गिरवलं. नेटवर्क तिथेही येत होतं. फोनला काय, त्याला कुठेही टांगा. आडवं पडायचा हट्ट माणसांचाच असतो.

निवडीच्या दिवशी ती तिच्या बाबांबरोबर पहाटेच्या एसटीने गेली. हाताशी तीन दिवसांचा सराव होता आणि करंगळी अजून अर्धीच जागी होती. त्या दिवशी कोंबडी माझ्यावर येऊन बसली तरी मी तिला हुसकावण्याइतकी हलले नाही. संध्याकाळी दोघं आले तेव्हा त्यांच्या चालण्यावरूनच मला कळलं. चाळीस मुलींत दिव्यानी अकरावी आली. घेतल्या आठ. राजदीप सर म्हणाले होते की पुढच्या जानेवारीत तिचं वय बसतं, हात बरा ठेव. मी तुम्हाला ती पहिली आली असं सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं. पण वाया गेलेले दोन महिने एका टॉवेलने भरून येत नाहीत. ती त्या संध्याकाळी जेवली नाही. माझ्यावर येऊन बसली, आणि तेव्हाही पाय खाली सोडून, पाठ सरळ ठेवून बसली, एवढं मी पाहिलं.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी खुशालने नवा दोर आणला. मला उन्हात काढलं. जुना दोर, त्या लाल ठिपक्यांसकट, सोडून टाकला आणि नवा ओवला. धरायला त्याने सीताला हाक मारली. सीता यायच्या आत दिव्यानी येऊन उभी राहिली आणि तिने उजवा हात पुढे केला. खुशाल घुटमळला. मग त्याने दांड्यावर पाय रोवला आणि ओढला, पण जपून. दोर टिकला. त्याने दुसरा फेरा ओढला. टिकला. तिसऱ्याला तो चेहऱ्यावर येणारी काळजी लपवत होता.

"टोचते का?" त्याने विचारलं.

"टोचून राह्यलं बाबा," दिव्यानी म्हणाली. "पाचही बोटाले टोचून राह्यलं. अजून ओढा."

त्याने सारा जोर लावून ओढला. माझा झोळ निघाला, वीण ताठ झाली. खुशालने माझ्यावर थाप मारली आणि मी कित्येक वर्षांनी ढोलकीसारखी वाजले. बापलेक दोघंही हसत होते आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. टोचतंय म्हणून कोणाला एवढा आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

मित्रांनो, माझं म्हणणं थोडक्यात आहे. मला चाळीस वर्षांनी नवा दोर मिळाला. तुमच्या कोपरातली नस बाजारात मिळत नाही. तुमच्या घरात खाट नसेल, सोफा असेल, गादी असेल, पण झोळ सगळीकडेच पडतो आणि कड सगळ्यालाच असते. फोनवर काय पाहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ते पाहताना मान, पाठ आणि कोपर काय करत आहेत, याची मधूनमधून चौकशी करत जा. आणि काही दुखलं, काही बधिर झालं, तर फोन जाईल या भीतीने गप्प बसू नका. दिव्यानी गप्प बसली आणि मी मुकी होते, म्हणून दोन महिने गेले.

आता हे वाचून झालं की उठा. हात सरळ करा आणि करंगळीला एक बारीकसा चिमटा काढून पाहा. दुखला तर बरं आहे.